पीपीएमकाका

कुठल्याही जुन्या विद्यापीठाच्या कुठल्याही जुन्या इमारतीत चार माणसं हमखास सापडतात. कुलसचिवांच्या मनात काय आहे ते कुलसचिवांच्या आधी कळलेला एक. पुढच्या वेतन आयोगात कुणाला किती फरक मिळणार हे रुपये-पैशांत सांगणारा दुसरा. कुणाच्याही वाढदिवसाची वर्गणी कुणाकडूनही काढणारी तिसरी. आणि इमारतीच्या पाण्यावर संशय घेणारा चौथा. पहिल्या तिघांना इमारत सांभाळून घेते. चौथा जिन्यात दिसला की मात्र लोक मोबाइल कानाला लावतात आणि न आलेल्या फोनवर बोलत बोलत वर निघून जातात.

आमच्या पुण्यातल्या इमारतीतला हा चौथा म्हणजे पीपीएमकाका. खरं नाव मस्टरवर आहे, पण पगारपत्रकाखेरीज ते कुठे वापरलं जात नाही. पद, रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक. अतिरिक्त कार्यभार, पेयजल व सुरक्षा समितीचे सदस्य-सचिव, अर्थातच विनामोबदला. समितीला अध्यक्ष आहेत, सदस्य आहेत, वर्षातून दोन बैठका आहेत आणि बैठकीला वेफर्स आहेत. काम करायला काका आहेत.

काकांच्या शर्टाच्या खिशात चार वस्तू कायम असतात. पेन, विजेचा टेस्टर, टीडीएस मीटर आणि ड्रॉपरची एक बुटकी बाटली. या बाटलीत ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचं द्रावण. ग्रामपंचायतीच्या पाण्याशी ज्याचा कधी संबंध आला त्याला ही बाटली ठाऊक असते. पाण्यात दोन-चार थेंब टाकायचे. पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. नाही झालं, तर नाही. त्यामुळे समोर स्वच्छ नितळ पाणी आलं की इतरांना तहान लागते आणि काकांना घाम फुटतो.

ओटी हे स्वतःच पोटात जाऊ नये असं रसायन. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, हात धुवायचे. जग केव्हाच डीपीडीच्या गुलाबी रंगाकडे वळलंय, आणि प्रयोगशाळेत काकाही डीपीडीच वापरतात. पण खिशातली बाटली सुटत नाही. "सुरक्षा समितीचा सचिवच खिशात घातक द्रव्य घेऊन फिरतो," असं विभागप्रमुख मॅडम एकदा म्हणाल्या, तेव्हा काकांनी बाटलीवर 'घातक' अशी चिठ्ठी डकवली आणि विषय मिटवला.

नळाच्या टोकाशी लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे 0.2 पीपीएम, मोकळा क्लोरीन हवा, असं आयएस 10500 हे भारतीय मानक सांगतं. काका त्याला 'पॉइंट टू' म्हणतात आणि ही पट्टी त्यांनी माणसांनाही लावलेली आहे. "त्या सरांच्यात खरेपणा आहे हो. फार नाही, पॉइंट टू असेल. पण पास आहेत." नव्या उपकुलसचिवांबद्दल विचारलं तर म्हणाले, "अजून रंग आला नाही. अर्धा तास थांबू." क्लोरीनला पाण्यात काम करायला अर्धा तास लागतो; माणसालाही ते तेवढीच मुदत देतात.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण सांगणारा त्यांचा सख्खा भाचा आहे आणि त्याचंच लग्न त्यात मोडायला आलं होतं. मुलगी बघायला गेले होते. पोह्यांच्या आधी पाणी आलं. मुलीचे वडील मोठ्या कौतुकानं सांगत होते, आमची बोअर आहे, बारमाही. काकांनी पेला उजेडाकडे धरला, खिशातून बाटली काढली आणि चार थेंब टाकले. सगळं घर पेल्याकडे बघत राहिलं. पाण्याला रंग आला नाही. मुलीच्या आईच्या तोंडचा मात्र गेला. शेवटी काकाच म्हणाले, "स्थळ उत्तम आहे. टाकी धुऊन घ्या." लग्न झालं. आहेरात काकांनी टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा डबा दिला. वर चिठ्ठी होती, हजार लिटरला पाच ग्रॅम, डब्याचं झाकण घट्ट लावणे.

हा वारसा वडिलांचा. ते गावाकडे ग्रामपंचायतीत पाणी सोडायला होते. विहिरीत टीसीएल टाकणं, व्हॉल्व फिरवणं आणि वरच्या आळीच्या शिव्या खाणं ही तीन कामं. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावोगावच्या पाण्याच्या ठिकाणांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. धोका जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. पाच वर्षं सलग हिरवं टिकवलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. काकांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती स्वतःच्या अखत्यारीत इमारतीला लागू केली.

पहिल्याच फेरीत अर्थशास्त्र विभागाला लाल कार्ड मिळालं. कूलरच्या तोटीखालच्या ताटलीत शेवाळ, वर साखळीला बांधलेला एकच पेला आणि शेजारी उष्टे डबे धुवायचं बेसिन, अशी कारणं कार्डावर लिहून काकांनी ते कूलरला चिकटवलं. अर्थशास्त्राचे विभागप्रमुख संतापून रसायनशास्त्रात आले. "आमच्या विभागाची बदनामी आहे ही." काका शांतपणे म्हणाले, "सर, गावाकडं लाल कार्ड आलं की सरपंच टाकी धुवायचा. तुम्ही पत्र लिहिताय." पत्र गेलं, समितीपुढे आलं, सदस्य-सचिवांनी स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच वाचून दाखवली आणि इतिवृत्तात नोंद केली: 'शेवाळ आढळले. तक्रार नस्ती करण्यात आली.' पुढच्या महिन्यात अर्थशास्त्राला पिवळं कार्ड मिळालं. हिरव्यासाठी ते आजही झगडताहेत आणि त्यापायी त्या विभागात दोन प्राध्यापक प्रथमच एका मुद्द्यावर एकत्र आले आहेत.

काकांचा खरा हातखंडा दिसला तो आरओवाल्याच्या दिवशी. हा विक्रेता टाय लावून आला होता आणि इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर एक यंत्र बसवायचं कोटेशन घेऊन आला होता. मॅडमच्या टेबलावर त्यानं दोन पेले मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत विजेच्या सळ्या सोडल्या, बटण दाबलं. मिनिटाभरात नळाच्या पाण्यातून तांबूस-हिरवा गाळ उफाळून वर आला. यंत्राचं पाणी जसंच्या तसं. मॅडमनी पदर नाकाला लावला. "हे आपण पितो?"

"मॅडम, चिमूटभर मीठ मागवा," दारातून आवाज आला.

शिपाईमामांनी कॅन्टीनमधून मीठ आणलं. काकांनी ते विक्रेत्याच्या स्वच्छ पेल्यात टाकलं, ढवळलं आणि म्हणाले, "आता दाबा बटण." तो दाबेना. काकांनीच दाबलं. यंत्राच्या पाण्यातून नळाच्या पाण्यापेक्षा दाट गाळ उसळला.

"हा गाळ पाण्यातला नाही, सळीतल्या लोखंडाचा आहे," काका म्हणाले. "क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं. तुमच्या यंत्रानं क्षार काढून टाकले, म्हणून वीज वाहिली नाही, एवढीच जादू." मग खिशातला टीडीएस मीटर नळाच्या पाण्यात बुडवला. "खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ. मानकात 500 पर्यंत चालतं, हे बघा, शंभराच्याही आत आहे. पाचशेच्या आत असेल तर आरओ नको, असं हरित न्यायाधिकरणानं 2019 सालीच म्हटलंय. हे यंत्र बसवलं तर चांगलं पाणी मोरीत जाईल आणि उरलेल्याचं बिल आपल्याला येईल."

विक्रेत्यानं सळ्या गुंडाळल्या. जाता जाता काकांनी त्याला थांबवून मीटर दाखवला. "आणि एक ध्यानात ठेवा. हा क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. पावसाचं पाणी गटारातनं आणलं तरी हा पठ्ठ्या छान आकडा दाखवील." तो बिचारा यंत्र विकायला आला होता, शिकवणी घेऊन गेला.

काकांचा आठवडा सोमवारी पहाटे सुरू होतो. सुट्टीत नळ्यांमध्ये उभं राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो, म्हणून इमारत उघडायच्या आत ते प्रत्येक मजल्यावरचा नळ थोडा वेळ सोडतात. ते पाणी बादल्यांत धरून संडासांना आणि बागेला जातं, तरी "पाणी वाचवा" असं लिहिणारा माणूसच नळ सोडून बसतो, हा मामांचा नित्याचा आक्षेप. टाळेबंदीनंतर इमारत उघडली तेव्हा काकांनी सगळ्या तोट्या कापडानं बांधून ठेवल्या होत्या. नळ्या धुऊन होईपर्यंत त्यांनी कुलगुरूंनाही घोटभर पाणी मिळू दिलं नसतं. सुदैवानं कुलगुरू आले नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा आणि तळमजल्याचा कूलर एकाच टाकीवर आहेत, ही गोष्ट काकांना छळत असे. प्रयोगशाळेत नळाला रबरी नळी जोडलेली, नळीचं तोंड कुठल्याही बादलीत बुडालेलं. वरून पाणी बंद झालं आणि खाली कुणी नळ उघडला की ती नळी बादलीतलं उलटं ओढून घेते. काकांनी याबद्दल तीन स्वतंत्र टिपण्या सादर केल्या होत्या. तिन्हींवर 'पाहिले' असा शेरा होता.

मग एका शनिवारी त्यांनी कुलसचिवांना तळमजल्याच्या बेसिनपाशी बोलावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बादलीत जिलेबीवाले वापरतात तो खायचा हिरवा रंग कालवून ठेवला होता. नळ उघडा, नळी बुडालेली. गच्चीवर मामांनी व्हॉल्व बंद केला. काका म्हणाले, "साहेब, हात धुवा." साहेबांनी नळ सोडला. आधी पाणी आलं, मग फुरफुर आली, मग धार बारीक झाली आणि साहेबांच्या तळव्यावर हिरवागार ओघळ उतरला. साहेब काही बोलले नाहीत. काकाच बोलले. "1933 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथं दोन हॉटेलांत पिण्याची आणि घाणीची लाइन अशीच एकमेकींत मिसळली. अमिबाची हगवण झाली, 98 माणसं मेली. आपल्याकडे ही बादली रोज असते, साहेब. आज मी त्यात जिलेबीचा रंग टाकलाय, उद्या एमएस्सीची पोरं काय टाकतील ते मी सांगू शकत नाही."

चौथी टिपणी त्याच दिवशी मंजूर झाली. प्रयोगशाळेला वेगळी टाकी मिळाली, नळीचं तोंड पाण्याच्या वर राहील अशी रचना झाली. खर्चाच्या फायलीत जिलेबीच्या रंगाचं बिलही काकांनी जोडलं होतं. लेखा विभागानं तेवढं नामंजूर केलं.

कूलरचा दुसरा आजार विजेचा. दुसऱ्या मजल्यावरचा जुना कूलर हात लावला की झिणझिण्या द्यायचा. इमारतीनं हे मोठ्या मनानं स्वीकारलं होतं. "तो जरा चावतो, लांबून बाटली भरा," असं नव्या विद्यार्थ्यांना जुने विद्यार्थी सांगत. काकांनी हे ऐकलं त्या दिवशी कूलरचा प्लगच कापून घरी नेला, कारण नुसता काढून ठेवला असता तर कुणीतरी परत लावलाच असता. ओला हात, उघडा पाय आणि गळकी वीज एकत्र आली की पाण्याचे सगळे अहवाल उत्तम असूनही माणूस जातो, हे त्यांचं म्हणणं. 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसल्यावरच प्लग परत आला.

अर्थिंगचा खड्डा इमारतीच्या मागे. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून काका तिथे झारीनं पाणी घालतात. झाड नाही, कुंडी नाही, सिमेंटच्या झाकणातून निवांतपणे पाणी घालणारा माणूस पाहून नव्यानं रुजू झालेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "काय लावलंय काका?"

"अर्थिंग."

"कधी येईल?"

"आलेलंच आहे. गेलं की कळेल."

जमिनीखालची टाकी धुवायचा दिवस हा एकच दिवस असा, की काका थट्टा करत नाहीत आणि करूही देत नाहीत. गेल्या खेपेला कंत्राटदार दोन पोरं आणि एक पेट्रोलवरचा पंप घेऊन आला. पंप टाकीत उतरवायचा, पोरगं टाकीत उतरवायचं, उरलेलं पाणी उपसायचं, असा बेत. एक पाय शिडीवर ठेवलेल्या त्या पोराला काकांनी कॉलरला धरून वर घेतलं.

"पंप बाहेर. इंजिनाचा धूर आत कोंडला तर वास न येता मारतो."

"काका, वीस वर्षं हेच करतोय," कंत्राटदार म्हणाला.

"वीस वर्षं नशीब टिकलं. आज माझ्या इमारतीत ते तपासायचं नाही."

कंत्राटदारानं खिशातून मेणबत्ती काढली. पेटती सोडू, विझली नाही की उतरू, हा पिढीजात उपाय. काकांनी ती फुंकून विझवली. "कार्बन मोनॉक्साइडला मेणबत्ती विझत नाही, माणूस विझतो. आणि आत भलता वायू असला तर हीच पेट घेईल." मग त्यांनी सगळी झाकणं उघडी टाकायला लावली, भाड्याचा ब्लोअर आणून हवा खेळवली, प्रयोगशाळेतून वायू मोजायचं उपकरण दोरीनं आत सोडून आकडे वाचले. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि पट्ट्याला दोर. वर जो उभा राहील त्याला एकच ताकीद, आतल्याला काही झालं तरी तू उतरायचं नाही, दोर ओढायचा आणि बोंब मारायची. अशा अपघातात पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि बातमीत तीन नावं येतात. काका हे सांगताना त्या दोन पोरांकडे बघत होते. कंत्राटदाराकडे बघत नव्हते.

टाकी धुऊन झाल्यावर टाकीच्या भिंतीवर त्यांनी स्वतः ब्रशनं तारीख लिहिली. खाली पुढची तारीखही लिहिली. सरकारी भिंतीवर पुढची तारीख लिहिणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आगीचं खातंही काकांकडेच. भिंतीवरची अग्निशामक नळकांडी हा या खात्याचा संसार. त्यातलं एक वर्षानुवर्षं ग्रंथालयाचं दार उघडं ठेवायच्या कामी होतं, एक कपाटामागे होतं आणि एकावर कोट टांगलेला असायचा. काका दर महिन्याला प्रत्येकाचा काटा हिरव्यात आहे का बघतात आणि कोट काढून खुर्चीवर ठेवतात. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा 'बी' नमुना जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. इतर इमारतींत त्या दोन महिन्यांत एजन्सीचा माणूस येतो, चहा पितो आणि सही करतो. आमच्याकडे त्याला आधी होझपाइप उघडून पाणी उडवून दाखवावं लागतं. चहा मग मिळतो.

14 एप्रिलपासूनच्या अग्निशमन सेवा सप्ताहात काका प्रात्यक्षिक घेतात. 1944 साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे कापूस आणि स्फोटकं भरलेलं जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. चौदाला सुट्टी, म्हणून काका पुढच्या कामाच्या दिवशी भोंगा वाजवतात. भोंगा वाजला की सगळ्यांनी जिन्यानं उतरून चिंचेखाली जमायचं. गेल्या वर्षी मॅडम लिफ्टनं आल्या. इतिहासाचे सर हजेरी घेतल्याशिवाय विद्यार्थ्यांना सोडेनात. आगीतून वाचलेल्यांची नोंद त्यांच्याकडे उपस्थित अशीच झाली असती. लेखा विभागातले दोघे डबा घेऊन आले आणि चिंचेखालीच जेवायला बसले. काकांनी यादी लावली. मॅडमच्या नावापुढे लिहिलं, 'लिफ्टमध्ये अडकून गतप्राण.' इतिहासाच्या सरांपुढे, 'धुराने गुदमरले, कर्तव्य बजावताना.' डबेवाल्यांपुढे, 'जिवंत.' ही यादी सूचना फलकावर लागल्यापासून मॅडम एरवीही जिना वापरतात.

काकांच्या खोलीत दोन तसबिरी आहेत. एक गणपतीची. दुसरी एका जुन्या हातपंपाची. 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या या पंपाच्या पाण्यानं कॉलरा पसरतोय हे डॉक्टर जॉन स्नो यांनी मेलेल्यांच्या घरांचा माग काढून दाखवलं आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढायला लावला. काका दर 8 सप्टेंबरला पेढे वाटतात. तो मोसम बहुधा गणपतीचा, त्यामुळे लोक प्रसाद समजून डोळ्यांना लावतात आणि खातात. दोन्ही तसबिरींना एकच हार असतो.

घरी मात्र काकांचं काही चालत नाही. काकूंचा तांब्याच्या पिंपावर आणि चौपदरी फडक्यावर विश्वास आहे, आणि ओटीची बाटली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायची नाही असा दंडक आहे. बाहेरही त्यांच्या अडचणी कमी नाहीत. टपरीवर चहा घेतात, कारण उकळलेला असतो. पण पेला स्वतःचा, कारण टपरीवरचा पेला बादलीत बुचकळलेला असतो. पाणीपुरी जीव की प्राण. म्हणून गाड्यापाशी उभं राहायचं, इतरांच्या पुरीत पडणाऱ्या पाण्याकडे डोळे भरून पाहायचं आणि सहा सुक्या पुऱ्या खाऊन पैसे पूर्ण प्लेटचे द्यायचे.

मध्यंतरी काकांना चांगले दिवस आले. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गीयन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातून धडाधड बातम्या येऊ लागल्या, बोट दूषित पाण्याकडे दाखवलं गेलं आणि पाणी उकळून प्या असं सगळे सांगू लागले. एका आठवड्यात काकांच्या दारापुढे बाटल्या घेतलेल्या लोकांची रांग लागली. जिन्यात फोनवर बोलणारे प्राध्यापक आता काकांना फोन करून "आमच्या सोसायटीचं जरा बघता का" विचारू लागले. एच-टू-एसच्या छोट्या कुप्या काका वाटायचे. पाणी भरून ठेवायचं, काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असल्याचा संशय. लोक दुसऱ्या दिवशी कुपी पदराखालून, रुमालातून आणायचे, निकाल काय लागतो या काळजीनं. मॅडमनी टाकी धुण्याचं बिल न विचारता पास केलं. काकांनी या काळात एकालाही 'मी सांगत होतो' असं ऐकवलं नाही. संधी इतकी मोठी होती की ती साधणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं.

उन्हाळा आला, बातम्या आटल्या, रांगही आटली. जिन्यात मोबाइल पुन्हा कानाला लागले. काकांना वाईट वाटलं का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "छे! लोक बरे झाले म्हणायचे."

मध्ये एक मूल्यांकन समितीही येऊन गेली. काकांची तारीखवार रजिस्टरं, टाक्यांवरच्या तारखा, मजल्यांची रंगीत कार्डं पाहून समितीचे अध्यक्ष भारावले. 'पेयजलाची व्यवस्था अनुकरणीय' असं त्यांनी अहवालात लिहिलं. लिहिताना त्यांच्या समोर सीलबंद बाटली होती. काकांनी त्या दिवशीच्या रजिस्टरात रोजच्या नोंदींच्या खाली एक ओळ वाढवली: 'समितीचा पाण्यावरील विश्वास: आढळला नाही.'

पुढच्या वर्षी काका निवृत्त होताहेत. त्यांचा अतिरिक्त कार्यभार कुणी घ्यावा यावर बैठक झाली. सगळ्यांनी काकांच्या कार्याचा गौरव केला आणि आपापल्या प्रकृतीची कारणं सांगितली. शेवटी हे काम बाहेरच्या एजन्सीला द्यावं असं ठरलं. काकांनी इतिवृत्त लिहिलं, सही केली आणि अर्थिंगला पाणी घालायला गेले.

असा माणूस सहन करायला अवघड असतो, हे मान्य. तो प्रत्येक गोष्टीत खोट काढतो, घाईच्या वेळी प्लग कापून नेतो आणि आपल्याला मेलेल्यांच्या यादीत घालतो. तरी तुम्ही जिथे नोकरी करता तिथे उद्या दोन प्रश्न विचारून बघा. पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, आणि धुताना तिथे कोण उभं होतं? दुसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव उत्तर म्हणून आलं, तर त्या नावाला चार लोकांनी शिव्या घातल्या तरी खुशाल पाणी प्या. 'ते एजन्सीकडे आहे' असं उत्तर आलं, तर पाणी घरून न्या.